सात सेकंदांची जागा

इद्वल प्यूचं अक्षर भयंकर होतं.
एवढं मी छातीठोक सांगते, कारण एकोणीस वर्षं
त्याच्या पेन्सिलीच्या गिचमिडीतून
बासरीचा कागद वेगळा, चेलोचा वेगळा, ट्रॉम्बोनचा वेगळा
मी शाईत उतरवून काढला.
पानामागे दोन शिलिंग. रात्रीचं असेल तर तीन.

बाकी सगळं ऐकीव.
बाप वेल्सच्या कोळशाच्या खाणीत,
आई दर रविवारी प्रार्थनाघरात पायपेटीवर,
आणि पोरगा पंधराव्या वर्षी पळून कार्डिफला,
गोदीमागच्या खानावळीत,
जिथं बार्बाडोसचा खलाशी क्लेमंट ब्रेथवेट
(जहाज चुकलेला, की चुकवलेला)
तीन पट्ट्या मेलेला पियानो वाजवायचा.
"मेलेल्या पट्ट्या टाळू नकोस," तो म्हणाला म्हणे,
"बोट ठेवून पुढे जा. ऐकणारा तेवढं मनात वाजवतो."

हे इद्वलनं मला सहा वेळा तरी सांगितलं.
दर वेळी मेलेल्या पट्ट्यांचा आकडा निराळा.

सोहोच्या तळघरात ऐकलाय मी त्याला,
भिंतींना ओल, पियानोवर कुणाचीतरी हॅट.
डावा हात पायाखालच्या वाटेनं घरी निघालेला,
उजवा मागे रेंगाळत, दुकानांत डोकावत,
आता चुकला, आता हरवला असं वाटेपर्यंत
अलगद समेच्या उंबऱ्यावर हजर.
किती वाजले हे विचारायची तिथं कुणाची टाप नव्हती.

मग लग्न, जुळी पोरं, घरभाडं,
आणि गळ्यात स्टॉपवॉच.

विधवा दार उघडते: चार सेकंद.
पाहुणा हॅट काढतो: अडीच.
खून: अकरा, पण कुत्रा भुंकेल तिथं काही नको.

त्यानं सगळं केलं. पाणबुड्या केल्या, रक्तपिपासू उमराव केले,
जॅमची जाहिरात, मुलांच्या मालिकेतला लाकडी बेडूक
(क्लॅरिनेट आणि दोन नारळाच्या करवंट्या).
तळघरातले दोस्त म्हणाले, विकला गेला.
तो म्हणाला, भाड्यानं गेलोय. फरक आहे.

एकदाच खाणीवरचा सिनेमा आला.
बोगदा खचतो, वर बायका उभ्या.
पहाटे चारला टॅक्सीनं कागद आले, ओले, चहाचे डाग पडलेले,
आणि मध्येच तीन मात्रागट कोरे.
मला वाटलं, झोपेत राहून गेले.
दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीत
मी एक लांब स्वर भरून टाकला. उपकार म्हणून.

हॅमरस्मिथच्या स्टुडिओत चाळीस वादक,
पडद्यावर बायका, वाऱ्यात शाली,
आणि तो स्वर. सात सेकंद.
इद्वलचा हात हवेत थांबला.
मागे वळून त्यानं मला पाहिलं, रागानं नाही,
कुणी आपल्या खोलीतला दिवा लावावा
तसं.
मग घड्याळ पाहिलं. वादकांची सुट्टी व्हायला नऊ मिनिटं.
"राहू दे," म्हणाला. "पुढचं घ्या."

पेपरांनी त्या एका स्वराचं कौतुक केलं.
ते कात्रण त्यानं मला पोस्टानं पाठवलं,
सोबत दोन शिलिंगांची मनीऑर्डर.
चिठ्ठी नाही.
त्याविषयी आम्ही कधीच बोललो नाही.
पुढची अकरा वर्षं बोललो ते
कागदाच्या भावाबद्दल, आणि त्याच्या गुडघ्यांबद्दल.

परवा होव्हला त्याला निरोप दिला.
चाळीस-बेचाळीस माणसं, बाहेर समुद्राचा वारा.
माझ्या मागच्या बाकावरचा टक्कल पडलेला प्लंबर
नकळत बेडूक गुणगुणत होता.
चुकीच्या पट्टीत, पण करवंट्यांसकट.

खाणीचा तो कागद अजून माझ्या खणात आहे.
काल ब्लेडनं खरवडून पाहिला.
कागद फाटतो.
शाई चांगली वापरायचे मी.